शिंपटी, गोष्ट आणि पत्रावळ : वर्गातील वागणुकीचा साहित्यातून घेतलेला शोध

शाळेतील शिस्तीचा विषय आपल्या समाजात निघाला म्हणजे संभाषणाचे दोनच शेवट ठरलेले असतात. एक पक्ष म्हणतो, छडी गेली आणि तिच्याबरोबर विद्याही गेली; दुसरा म्हणतो, मुलांना मोकळे सोडा, ती आपोआप फुलतील. दोन्ही पक्षांस आपल्या मताची इतकी खात्री असते की वर्गात प्रत्यक्ष बसलेले मूल काय करीत आहे आणि ते तसे का करीत आहे, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. वास्तविक या प्रश्नावर विचार करावयास लावणारी पुस्तके मराठी वाचकाच्या घरात कित्येक दशके आहेत. ती आपण डोळे पुसत वाचली, त्यांवरील चित्रपट पाहिले, त्यांतील उतारे मुलांकडून पाठ करून घेतले. परंतु शिक्षकाच्या कामाची पुस्तके म्हणून ती आपण क्वचितच वाचली. प्रस्तुत लेखात ती त्या दृष्टीने वाचून पाहण्याचा आणि वाचताना उळवीच्या परिसरातील एखादी लहानशी शाळा डोळ्यांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

उळवीच का, असे कोणी विचारील. उळवी हे चन्नबसवेश्वरांचे समाधिस्थान. माघी पौर्णिमेच्या सुमारास येथे जत्रा भरते, रथ ओढला जातो, आणि धारवाड-बेळगावकडील भाविक बैलगाड्या सजवून घाटमाथ्याच्या या अरण्यात आजही येतात. परंपरा अशी सांगते की, बाराव्या शतकात कल्याणात उत्पात झाल्यावर शरणांचा एक समुदाय वचनवाङ्मय जिवापाड जपीत पश्चिमेकडे आला, आणि बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा येथेच लिंगैक्य झाले. वयाने लहान पण ज्ञानाने ज्येष्ठ, अशी त्यांची ख्याती आहे. अल्लमप्रभूंनंतर शून्यसिंहासनावर बसण्याचा मान परंपरा त्यांनाच देते. शरणांच्या कार्याचा एक विशेष येथे ध्यानात घेतला पाहिजे. त्यांनी अध्यात्माचा विचार संस्कृतातून उचलून ऐकणाऱ्याच्या घरच्या बोलीत आणला. कुंभार, विणकर, नावाडी ज्या भाषेत आपला संसार करीत, त्याच भाषेत त्यांनी ईश्वराविषयी प्रश्न विचारावे आणि उत्तरे द्यावी, अशी ती रीत होती. वचने कन्नडात आहेत याचे कारण ऐकणाऱ्याचे घर कन्नड होते.

आता त्याच क्षेत्राच्या भोवतालची वस्ती पाहा. जोयडा तालुक्यातील कुणब्यांच्या, गवळ्यांच्या, सिद्दींच्या वाड्यावस्त्यांतून कोकणीची किंवा मराठीची कोणती ना कोणती बोली चुलीपाशी बोलली जाते. १८६२ पासून १९५६ पर्यंत हा जिल्हा प्रथम मुंबई इलाख्यात आणि मग मुंबई राज्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. राज्याची भाषा कन्नड आहे, ती येथील प्रत्येक मुलाने उत्तम शिकली पाहिजे, आणि तीत पारंगत झाल्यावाचून त्याचा निभाव लागणार नाही, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. प्रश्न राज्यभाषेचा नाही. प्रश्न सहा वर्षांच्या मुलाच्या पहिल्या महिन्याचा आहे.

अरण्यातील वाडीवरून कन्नड माध्यमाच्या शाळेत आलेले असे एखादे मूल कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. पहिल्या आठवड्यात ते गप्प बसते; आपण म्हणतो, मूल शांत आहे. दुसऱ्या आठवड्यात ते शेजाऱ्याची पाटी ओढते. आपण म्हणतो, खोडकर आहे. तिसऱ्या आठवड्यात पाणी पिण्याच्या निमित्ताने ते उठून जाते आणि लवकर परतत नाही. आपण म्हणतो, उनाड आहे. पुढे ते येईनासेच होते, आणि मग आपण म्हणतो, त्याला शिक्षणाची आवडच नव्हती. चार वर्तने, चार नावे. परंतु चारही वेळा त्या भुरग्याने एकच वाक्य उच्चारलेले असते : माका कळना. ते वाक्य त्याने तोंडाने उच्चारले नाही, अंगाने उच्चारले, एवढेच. वर्गातील वागणूक ही मुलाची एक बोलीच असते आणि शिक्षकाने तिला उत्तर देण्यापूर्वी ती वाचली पाहिजे, हा या लेखाचा मुख्य सिद्धान्त आहे. आमच्या साहित्याने ती कितपत वाचली, हे आता पाहावयाचे.

प्रारंभ अर्थातच 'श्यामची आई'पासून. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात शाळेचा वर्ग नाही, घर आहे. आणि शिकविणारी मास्तर नाही, आई आहे. तरीही महाराष्ट्रातील व सीमाभागातील शिक्षकांच्या कैक पिढ्यांनी मुलांस वळण कसे लावावे याची कल्पना याच पुस्तकातून उचलली. या पुस्तकात वळण लावण्याचे दोन अगदी निराळे मार्ग शेजारी शेजारी आहेत, आणि आपण त्यांपैकी एकच लक्षात ठेवला, ही आमची तक्रार आहे.

पहिला मार्ग शिंपटीचा. पोहायला जाण्यास भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने फोडून काढते व विहिरीवर धाडते. श्याम पोहायला शिकतो. वाचक समाधानाने पान उलटतो आणि मनात नोंद करतो की, माराने मूल सुधारले. परंतु कथा नीट वाचली तर मार हा त्यातील सर्वांत लहान भाग आहे असे दिसून येते. विहिरीवर त्याला सांभाळणारी माणसे होती. पाण्यात पडल्यावर त्याला कोणी एकटे सोडले नाही. घरी परतल्यावर त्याला जवळ घेणारी आई होती. त्या शिंपटीच्या मागे आईचा सबंध दिवस उभा होता. जेवू घालणे, न्हाऊ घालणे, रात्री गोष्ट सांगणे, हे सारे त्या फटक्यांच्या आधी होते आणि नंतरही होते. चाळीस मुलांच्या वर्गातील मास्तरांपाशी यांपैकी काहीच नसते. त्यांनी शिंपटी तेवढी उचलली, तर आईचे सारे भांडवल वगळून केवळ तिचा राग उसना घेतल्यासारखे होते. शिवाय श्यामच्या भीतीचे कारण काय, हे त्या प्रसंगात कोणी विचारलेले नाही. गुरुजींच्या थोरवीस बाध न आणता आम्ही असे म्हणू इच्छितो की, या ठिकाणी कथेने आईच्या मायेचे दर्शन घडविले, पण मुलाच्या भीतीकडे पुरेसे पाहिले नाही.

दुसरा मार्ग पत्रावळीचा. श्यामला पत्रावळ लावता येत नाही व ती शिकण्याचा त्याला कंटाळा आहे. घरातून त्याला सांगण्यात येते की, ज्याने आपली पत्रावळ लावावी त्यानेच तीवर जेवावे. श्याम रुसतो, फुरंगटतो. तेव्हा अक्का त्याची समजूत घालते आणि शेजारी बसून पाने कशी जुळवावीत, चोय कशी टोचावी, हे त्याला दाखविते. श्याम शिकतो, आणि पुढे त्यालाच त्या कौशल्याचा अभिमान वाटू लागतो. वर्गातील शिस्तीचे सारे शास्त्र या लहानशा प्रसंगात आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. नियम एक आहे, लहान आहे, आणि तो सर्वांना सारखा लागू आहे. नियम मोडल्याचा परिणाम त्या कामातूनच निघतो. पत्रावळ लावली नाही म्हणून उठाबशा काढावयास कोणी लावीत नाही. घरातील माणसे शब्द मागे घेत नाहीत, म्हणजे लाडही नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, मूल अडले आहे ते हट्टामुळे तितके नाही जितके न येण्यामुळे, हे ओळखणारी अक्का तेथे आहे. एकाने नियम धरावा आणि एकाने हात धरावा, अशी ती योजना आहे. वर्गात ही दोन्ही कामे एकाच शिक्षकास करावी लागतात, म्हणून ती अवघड होतात; पण ती दोन आहेत हे तरी त्याला माहीत असले पाहिजे.

गुरुजींचे स्वतःचे आचरण पत्रावळीच्या बाजूचे होते. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते व तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांनी खोल्या अव्यवस्थित टाकाव्यात आणि गुरुजींनी मुकाट्याने त्या झाडून आवराव्यात, असे वर्णन त्यांच्या चरित्रांतून येते. मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे दैनिकही ते स्वहस्ते लिहीत. असे असून लोकस्मृतीत काय उरले? आचार्य अत्रे यांनी १९५३ साली 'श्यामची आई' पडद्यावर आणली आणि त्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. त्यातील छडीविषयीचे गाणे घरोघर गेले. स्नेहसंमेलनांत मुलांकडून ते म्हणवून घेताना, अमळनेरच्या छात्रालयातील झाडू आपल्यापैकी किती जणांस आठवतो?

शिंपटी व पत्रावळ या दोहोंच्या पलीकडे जाणारे तिसरे साधन गोष्ट. आणि त्यासाठी शेजारच्या गुजरातीकडे वळावे लागते. गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' १९३०च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले. लक्ष्मीराम नावाचा एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांकडून चौथीचा वर्ग एका वर्षापुरता मागून घेतो व आपले प्रयोग करतो, एवढेच त्याचे कथानक. या पुस्तकाचा पहिला गुण त्याच्या पहिल्या दिवसात आहे. लक्ष्मीराम मोठ्या तयारीने शांततेचा खेळ घेऊन वर्गात जातो. खोलीत अंधार करून मुलांनी निःशब्द बसावे अशी त्याची अपेक्षा. पण मुले त्याची थट्टा आरंभतात, कोणी आवाज काढतो, कोणी पाय आपटतो, आणि सारा खेळ फसतो. पुस्तकात वाचलेली रीत वर्गात जशीच्या तशी उतरत नाही, हे इतक्या प्रांजळपणे सांगणारे शिक्षणविषयक पुस्तक विरळा. दुसऱ्या दिवशी तो मुलांना गोष्ट सांगू लागतो. आणि जी शांतता आज्ञेने आली नाही, ती गोष्टीमागोमाग न बोलावता येते.

या प्रसंगाचा मथितार्थ पुष्कळांनी चुकीचा घेतला आहे. गोष्ट हे मुलांना गुंगविण्याचे औषध, असा तो अर्थ नाही. पहिल्या दिवशी शिक्षकाने मुलांपाशी शांतता मागितली, पण ती कशासाठी हे मुलांना कळण्यासारखे नव्हते. दुसऱ्या दिवशी शांततेला कारण मिळाले : पुढे काय झाले हे ऐकावयाचे होते. वर्गातील गडबडीचे मोठे कारण रिकामपण असते. ज्या मुलाला हातात काम आणि मनात उत्सुकता आहे, त्याला शेजाऱ्याची पाटी ओढण्यास सवड कोठून मिळणार? तथापि 'दिवास्वप्न'ची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. लक्ष्मीरामच्या पाठीशी अधिकारी आहे, त्याच्यासमोर एकच इयत्ता आहे, आणि मुलांची व त्याची भाषा एक आहे. गोष्ट सांगितली की मुले ती समजतात. उळवीच्या वाटेवरील शाळेत शिक्षकाने उत्तम कन्नड गोष्ट रंगवून सांगितली, तरी पहिल्या महिन्यात ती ऐकणाऱ्या कुणब्याच्या मुलाच्या कानी नादच तेवढा पडणार. तेथे गोष्टीच्या आधी एक पायरी हवी, आणि ती गिजुभाईंना बांधावी लागली नव्हती.

ती पायरी शोधण्यासाठी व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'कडे जाऊ. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी औंध संस्थानातील एका धनगरवस्तीची आहे. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा कोवळा मास्तर तेथील एकशिक्षकी शाळेवर नेमला जातो. तो पोहोचतो तेव्हा शाळा नावापुरतीच आहे. मुले मेंढरांमागे जातात आणि आईबापांना त्यांच्या हातांची गरज आहे. मास्तर हजेरीपट घेऊन रागावत बसत नाही. तो म्हाताऱ्या कारभाऱ्याशी बोलतो, लोकांची पत्रे लिहून देतो, त्यांची बारीकसारीक कामे तालुक्याच्या गावी जाऊन करून आणतो, त्यांच्या भांडणांत सापडतो, त्यांच्यासाठी तालीम उभी करतो. हळूहळू वाडी त्याला आपला मानते, आणि त्याच्या मागोमाग मुले येतात. मुलाच्या वर्तनाचे मूळ वर्गाबाहेर असते आणि शिक्षकाला तेथवर चालत जावे लागते, हे मराठीत इतक्या सहजपणे दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही.

परंतु टीकाकार म्हणून या थोर कादंबरीपाशी आमचे एक मागणे अपुरे राहते. मास्तर वाडी जिंकतो ते आपण पाहतो. तो वर्ग कसा चालवितो ते आपल्याला फारसे दिसत नाही. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी ही माणसे डोळ्यांपुढे जिवंत उभी राहतात. पण फळ्यासमोर बसलेल्या मुलांपैकी कोणाला काय अडले, कोण का रुसले, हे लेखकाने बाजूस ठेवले. दुष्काळ येतो, वाडी उठते, शाळा ओस पडते. शेवट हृदय पिळवटणारा आहे. परंतु त्या ओस शाळेतून नेमके कोणते मूल अक्षरापासून दूर गेले, हे आपणांस कळत नाही. जोयडा-हल्याळकडील गवळीवाड्यांवर मराठीची बोली बोलणारी आणि गुरांमागे जाणारी मुले आहेत. त्यांच्या शिक्षकास 'बनगरवाडी' धीर देईल, पण सकाळी अकरा वाजता काय करावे हे सांगणार नाही.

ते सांगणारे काम ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी केले. ताराबाई (१८९२–१९७३) भावनगरला गिजुभाईंच्या सहकारी होत्या. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्याच्या त्या वेळच्या किनाऱ्यावर बोर्डी येथे ग्रामबालशिक्षेचे केंद्र सुरू केले, आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या वस्तीजवळ नेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेऊ, या विचारातून अंगणवाडी जन्मास आली. मुले गुरे राखतात तर शाळा कुरणात भरवू, या विचारातून कुरणशाळा झाली. माँटेसोरीची महागडी साधने परवडत नाहीत तर शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने. अनुताईंनी हे सारे 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकात नोंदविले आहे. त्यातील भाषा साधी, क्वचित अहवालासारखी आहे. रसिक वाचक तिच्यात अलंकार शोधील तर निराश होईल. पण 'बनगरवाडी'त जे सुटले ते येथे आहे : मूल का येत नाही, आले तर का उठून जाते, आणि त्यावर उद्या सकाळी काय करावे. न येणारे मूल द्वाड आहे असे गृहीत न धरता, शाळेतच काही चुकत असेल असे गृहीत धरून येथे सारा विचार झाला आहे. आमच्या मते मराठीतील शिक्षणविषयक लेखनाचा हा सर्वांत मोठा पालट होय, आणि साहित्याच्या इतिहासांत त्याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही.

आजवरची सारी पुस्तके शिकविणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली होती. बाकावरून वर्ग कसा दिसतो हे पाहावयाचे तर मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) वाचावी. आणीबाणीच्या काळातील नववीच्या वर्गाची ही कथा मुकुंद जोशी हा विद्यार्थीच सांगतो. शिक्षक ज्यांना मवाली समजतात ती मुले आतून किती घाबरलेली आणि किती निष्ठावंत असतात, हे त्यात दिसते. आणि मुले कोणाचा मान राखतात हेही दिसते. जो शिक्षक त्यांना माणसासारखे वागवितो, त्याच्या तासाला दरारा न दाखविताही वर्ग ऐकतो. कादंबरी शहरालगतच्या गावातील आहे, घर-शाळेची भाषा एक आहे, वयही मोठे आहे. तरीही उळवीच्या प्रश्नास ती एक गोष्ट पुरविते. वर्गात शिक्षकच तेवढा मुलांना पारखीत नसतो, मुलेही त्याला पारखीत असतात.

आता कायद्याकडे वळू, कारण छडीचा वाद आज मताचा राहिलेला नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम २९ कडे आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. अभ्यासक्रम कसा असावा हे सांगताना तेथे दोन खंड एकामागोमाग येतात. एक म्हणतो की, व्यवहार्य असेल तेथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावी. लगेच पुढचा म्हणतो की, मूल भय, आघात व चिंता यांपासून मुक्त असावे व त्यास आपले मत मोकळेपणी मांडता यावे. भाषा आणि भय ही जोडी कायद्याने शेजारी बसविली आहे. ज्या मुलाला वर्गाची भाषा कळत नाही, त्याला छडी नसली तरी भय आहेच, हे उळवीच्या परिसरातील कोणत्याही आईला कायदा न वाचताही सांगता येईल. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याविषयीचे कलम ३५०-क घटनेत दाखल झाले तेही १९५६ साली, म्हणजे ज्या वर्षी हा जिल्हा मुंबई राज्यातून निघाला त्याच वर्षी. आणि कोकणीपुरते बोलावयाचे तर शणै गोंयबाबांनी (१८७७–१९४६) मुलाचे पहिले शिक्षण घरच्या भाषेत व्हावे हा आग्रह त्याच्याही आधी धरला होता.

तथापि कायद्याची एक उणीव आहे. त्याने शिक्षकाच्या हातातील छडी काढून घेतली, आणि त्या हातात दुसरे काय द्यावयाचे हे मात्र पुष्कळ ठिकाणी द्यावयाचे राहून गेले. याच अधिनियमाच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे धरले जातात. वाडीवरच्या लहान शाळेत या दोघांनी पाच इयत्ता सांभाळावयाच्या. त्यांतील एखादा दूरच्या जिल्ह्यातून आलेला, कोकणीचा एक शब्द न जाणणारा. हा त्याचा दोष नव्हे. त्याला येथे पाठविणाऱ्यांनी त्याला ती शिदोरी दिली नाही. एका इयत्तेला शिकवीत असता उरलेल्या मुलांनी काय करावे? ती रिकामी बसली की गडबड होणारच, आणि गडबड झाली की मास्तरांचा आवाज चढणारच. कर्नाटकाने या प्रश्नाला एक उत्तर शोधले आहे. म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ च्या सुमारास 'नली-कली' या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे राज्यभर पसरलेल्या पद्धतीत पहिली ते तिसरीची मुले एकत्र, गटागटाने बसतात. शिक्षणाची एक शिडी भिंतीवर असते, आणि प्रत्येक मूल आपापल्या पायरीचे कार्ड उचलून काम करते. काही मुले शिक्षकापाशी, काही एकमेकांच्या साहाय्याने, काही एकटी. योजना उत्तम आहे, कारण ती रिकामपण काढून टाकते. पण कार्डे कन्नड आहेत. त्या शिडीची पहिली पायरी कुणबी मुलाच्या अंगणापर्यंत पोहोचत नाही. मध्ये हातभर अंतर उरते. ते अंतर कोणी भरावयाचे?

येथे एक आक्षेप आम्ही ऐकतो आणि तो हलका लेखीत नाही. 'तुम्ही मुलांची बाजू घेत सुटलात, तर ती डोक्यावर बसतील; बाकीच्या मुलांचे नुकसान होईल; मास्तरांनी सहन तरी किती करावे?' यातील शेवटचा प्रश्न अगदी खरा आहे. शिक्षकाचा अपमान होऊ देऊन वर्ग चालत नाही. एका मुलाच्या त्रासापायी एकोणतीस मुलांचा तास जाऊ देणे ही दया नव्हे. परंतु मूल वाचणे म्हणजे मुलाला सूट देणे, ही समजूत चुकीची आहे. पत्रावळीच्या कथेत सूट कोठे आहे? नियम थोडे असावेत, पहिल्याच दिवशी मुलांना समजेल अशा भाषेत सांगितलेले असावेत, रोज तेच असावेत, आणि मोडल्यास काय होईल ते आधी ठाऊक असावे. सांडले तर पुसावे, फाडले तर चिकटवावे, दुखविले तर क्षमा मागून सोबत काम करावे. चार मुलांसमोर नाव घेऊन लाज आणण्यापेक्षा जवळ जाऊन हळू आवाजात सांगावे. आणि चांगले वागल्याची दखल, वाईट वागल्याच्या दखलेइतकीच तत्परतेने घ्यावी. छडीस धाक एका क्षणाचा असतो; या रीतीस वेळ लागतो, पण मास्तरांनी पाठ फिरविली तरी ती टिकते.

शेवटी आमच्या वाचकांविषयी. हे मासिक देवस्थानांच्या आश्रयाने जगणाऱ्या समाजांत वाचले जाते. देऊळ आणि शाळा यांचे नाते आपल्याकडे नवे नाही. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत देवळांच्या सभामंडपांत आणि अग्रशाळांत मराठी शाळा भरत, आणि कित्येक घराण्यांचे अक्षर तेथेच टिकले. शरणांचा दासोह म्हणजे आपल्या श्रमाचे फळ सर्वांपुढे वाढणे. कर्नाटकात २००२ साली सुरू झालेल्या शालेय भोजनाच्या योजनेस 'अक्षर दासोह' हे नाव दिले गेले, ते याच परंपरेतून. अन्नाचा दासोह सरकारने उचलला आहे. भाषेचा दासोह समाजाने उचलावा, असे आम्ही सुचवितो.

त्याला मोठा खर्च लागत नाही. जून महिन्यात, शाळा उघडल्यावर पहिले काही आठवडे वाडीवरच्या एखाद्या आजीने किंवा दहावी झालेल्या मुलीने पहिलीच्या वर्गात बसावे. मास्तर कन्नडात जे सांगतील ते तिने कोकणीत सांगावे, आणि मूल कोकणीत जे सांगेल ते मास्तरांना सांगावे. अक्काने पत्रावळीपाशी केले तेच हे काम. रोजच्या वापरातील शे-दीडशे शब्द (पाणी, भूक, दुखते, भीती वाटते, समजले नाही) दोन्ही भाषांत लिहून वर्गाच्या भिंतीवर लावावेत. ते मुलाने शिकावेत, आणि मास्तरांनीही. आठवड्यातून एकदा गोष्ट घरच्या बोलीत सांगावी आणि तीच मागाहून कन्नडात. अशाने कन्नड मागे पडणार नाही. उलट, गोष्ट आधी ठाऊक असल्याने कन्नड शब्द लवकर मनात रुजेल. जत्रेच्या दिवसांत हजेरी घटते म्हणून रागावण्याऐवजी, जत्रेतील गाड्या, बैल, दुकाने, माणसे यांवर मुलांकडून मोजणी करून घ्यावी, चित्रे काढून घ्यावीत. आणि आईबापांनी मुलाला शाळेत सोडताना, 'मास्तर, हवे तेवढे मारा, पण शिकवा' असे म्हणणे आता सोडावे. त्याऐवजी मूल घरी कशाला भिते, कशात रमते, एवढे मास्तरांना सांगावे.

या सर्व पुस्तकांचा हिशेब मांडला तर असे दिसते : साने गुरुजींनी नियम आणि माया यांची सांगड दाखविली, गिजुभाईंनी कामातून येणारी शांतता दाखविली, माडगूळकरांनी वाडीपर्यंतची वाट दाखविली, ताराबाई-अनुताईंनी त्या वाटेवर शाळा उचलून नेली, आणि बोकिलांनी बाकावरून शिक्षक दाखविला. घरात एक भाषा आणि वर्गात दुसरी, अशा मुलाचे पुस्तक मात्र मराठीत आणि कोकणीत अजून लिहिले जावयाचे आहे. ते लिहिणारा लेखक कदाचित या क्षणी उळवीच्या आसपासच्या एखाद्या शाळेत मागच्या रांगेत गप्प बसलेला असेल. तो शाळेत टिकला तरच ते पुस्तक होईल. आणि तो टिकावा की नाही, हे त्याच्या पहिल्या महिन्यातील वागणुकीला आपण कोणते नाव देतो, यावर पुष्कळसे अवलंबून आहे.